अंगणातली मौलसिरी

मृग लागायला अजून अवकाश असला तरी रोपवाटिकांपुढे गाड्या थांबू लागल्या आहेत. दरवर्षी या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. बारा महिने हिरवे राहील, पाणी कमी लागेल, भिंत फोडणार नाही, कचरा करणार नाही आणि लवकर वाढेल असे झाड सुचवा. पाच अटी एकाच झाडात मागणाऱ्या आमच्या भगिनींना आम्ही दरवेळी हेच कळवतो की पहिल्या तीन मिळतील, चौथीवर थोडे समजून घ्यावे लागेल आणि पाचवी सोडावी लागेल. जे सदाहरित झाड फार लवकर वाढते, त्याच्यापासून सावधच राहिलेले बरे. का, ते पुढे येईलच.

आधी ‘सदाहरित’ या शब्दाविषयी. पुष्कळांची समजूत अशी की सदाहरित झाडाचे पान गळतच नाही. पान प्रत्येक झाडाचे गळते. सदाहरित झाड सगळी पाने एकदम टाकत नाही, एवढाच फरक. जुने पान पिवळे होऊन पडते तोवर शेंड्याला नवे आलेले असते, म्हणून झाड कधी उघडे दिसत नाही. आंबा, चिकू, जांभूळ, बकुळ ही सगळी अशी झाडे. तेव्हा फाल्गुन-चैत्रात बुडाशी पिवळी पाने दिसली की लगेच औषधाच्या दुकानाकडे धावू नये. झाडू हातात घ्यावा आणि ती पाने त्याच झाडाच्या आळ्यात टाकावीत.

आता रोपवाटिकेत ‘साहेब, हे बारमाही हिरवे’ म्हणून जे पुढे केले जाते त्याकडे वळू. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, जुन्या औरंगाबादेत, सर्वांत जास्त मोह होतो तो सरूचा. कारण उघड आहे. बीबी का मकबऱ्याची बाग आपण लहानपणापासून पाहत आलो, आणि मुघलांच्या चारबागेचे कोणतेही चित्र काढा, गालिचा पाहा, जुन्या हस्तलिखिताची किनार पाहा, सरू तिथे असतोच. कोकणातल्या वाचकांनी इथे समुद्रकाठचे सुरूचे बन डोळ्यांपुढे आणू नये. नाव जवळचे असले तरी ते झाड वेगळे. खरा सरू इराणकडचा. तिथल्या यज्द प्रांतात अबरकूह गावी एक सरू उभा आहे, त्याचे वय चार हजार वर्षांच्या घरात मानले जाते. कोरड्या मुलखातले झाड म्हणजे आपल्याकडेही जगेल, असे कोणालाही वाटेल. पण तिथे हिवाळा कडक असतो आणि पावसाळ्यात चार महिने मुळांशी चिखल साचत नाही. शिवाय आपल्याला कुंडीत विकला जातो तो बहुधा सोनेरी सायप्रस किंवा मोरपंखी. फरशीवर ठेवलेल्या कुंडीत, एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात, त्यावर लाल कोळी पडतो आणि झाड आतून तपकिरी होत जाते. आंब्याची किंवा लिंबाची फांदी छाटली तर जुन्या लाकडातून फुटवा येतो. या जातीत तसे होत नाही. एकदा आतली बाजू वाळली की ती वाळलीच. दोन कुंड्या दरवाजाच्या दोन बाजूंना शोभेसाठी ठेवायच्या असतील तर ठेवाव्यात, सकाळचे ऊन आणि दुपारची सावली द्यावी. त्याच्याखाली मात्र कोणी बसणार नाही.

दुसरा मोह कोनोकार्पसचा. कुंपणाला लावा, सहा महिन्यांत हिरवी भिंत, असे सांगून हे रोप गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी खपले. ज्यांच्या घरचे कोणी आखातात नोकरीला आहे त्यांनी ते तिथल्या रस्त्यांवर पाहिलेले असेल. मूळ सोमालियाच्या बाजूचे हे झाड वाढते खरे, पण पाण्याच्या शोधात त्याची मुळे फार दूर आणि फार जोरात जातात. कुवेतसारख्या ठिकाणी ती जलवाहिन्यांत आणि गटारांत शिरल्याच्या तक्रारी झाल्या, कराचीत रस्तोरस्ती लावल्यावर लोकांना पश्चात्ताप झाला, आणि आपल्या शेजारच्या गुजरातने २०२३ साली रोपवाटिकांत त्याची लागवडच बंद केली. ज्या शहरात पाण्याचा एकेक हंडा मोजून भरला जातो, तिथे जमिनीखालच्या टाकीला तडे पाडणारे झाड दारात कोणी लावावे? तिसरा तो उंच, सरळ, खाली झुकलेल्या पानांचा अशोक. तो आडोसा देतो, धूळ अडवतो, सावली देत नाही. आणि अंगणात झाड लावायचे ते त्याच्याखाली खाट टाकता यावी म्हणून, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंदा आम्ही सुचवतो आहोत ती बकुळ. मराठीत बकुळ, कोकणात ओवळ, आणि आपल्या घरांतल्या उर्दूत मौलसिरी. नाव ऐकले की वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते, कारण वाळलेल्या बकुळीच्या फुलांची माळ कपड्यांच्या पेटीत ठेवण्याची चाल आपल्याकडे हिंदूंच्या घरीही होती आणि मुसलमानांच्या घरीही. बादशहा जहांगीरने आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत हिंदुस्थानच्या सुगंधी फुलांमध्ये चाफा, केवडा, चमेली यांच्याबरोबर मौलसिरीचेही नाव घेतले आहे आणि झाडाच्या डौलाची व सावलीची तारीफ केली आहे. कन्नौजचे अत्तरवाले आजही मौलसिरीचे अत्तर काढतात.

झाड चिकूच्या कुळातले. पान जाडसर, चकचकीत, कडेला किंचित लहरदार. डोके गोल आणि इतके दाट की भर दुपारी खाली उन्हाचा कवडसाही क्वचित उतरतो. मोकळ्या जागेत ते चाळीस-पन्नास फुटांपर्यंत जाते, अंगणात आवरून पंचवीसेक फुटांवर ठेवता येते. वडा-पिंपळासारखे भिंतीत शिरत नाही. रुजल्यावर दुष्काळी वर्षही काढते. दोष एकच, आणि तो मोठा आहे. वाढ अतिशय सावकाश. वर्षाला फूट-दीड फूट वाढली तर खूश व्हावे. रोपापासून फुलापर्यंत पाच-सात वर्षे तरी जातात, आणि खाली खाट टाकण्याजोगी सावली व्हायला दहा-बारा.

याच मुद्द्यावर जुन्या शहरातून आलेले एक पत्र आम्हाला बाजूला ठेवता आले नाही. लिहिणारी सून आहे. घरात भावांच्या वाटण्या झाल्या, अंगणातला जुना कडुनिंब खोली बांधण्यासाठी गेला, आणि त्याखाली चाळीस वर्षे दुपार काढलेल्या सासूबाई आता पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून बसतात. पंधरा फूट बाय बारा फुटांचे अंगण अजून मोकळे आहे. त्यावरही पत्रा टाकावा असे धाकट्या दिराचे म्हणणे आहे. ती विचारते की सासूबाईंचे वय बहात्तर आहे, त्यांच्या हयातीत सावली देईल असे झाड कोणते?

बकुळ देणार नाही, हे सरळ सांगायला हवे. पण बकुळीच्या जोडीला शेवगा देईल. शेवग्याचे बी जूनमध्ये टाकले तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झाड दहा-बारा फूट होते. तमिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम-१ ही जात बियांपासून येते आणि सात-आठ महिन्यांत शेंगा धरते. शेंगांसाठी लावणारे लोक शेंडा तीन फुटांवरच खुडतात; तुम्हाला सावली हवी, तेव्हा सात फूट होऊ द्या, मग खुडा, म्हणजे डोक्याच्या वर छत्रीसारखे पसरेल. सावली विरळ असते, जाळीतून यावी तशी, पण मे महिन्यातल्या उघड्या अंगणापेक्षा कितीतरी बरी. बकुळीचे रोप या शेवग्याच्या पूर्वेला सहा-सात फुटांवर लावा. दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन शेवगा अडवतो आणि कोवळ्या बकुळीला तेच हवे असते. पाच-सहा वर्षांनी बकुळ डोक्याच्या वर गेली की शेवगा काढून टाकावा. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, त्याला मुलांचा झोका बांधू नये. आणि पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, अंगाला लागले की खाज सुटते. त्या दिवसांत खोड रोज पाहावे आणि सासूबाईंची खुर्ची थोडी बाजूला घ्यावी. खुर्ची कुठे ठेवायची ते आधी त्यांनाच विचारा आणि मग झाडांची जागा ठरवा. झाड खुर्चीच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर संध्याकाळपर्यंत सावली अंगावर राहते. दिरालाही एक गोष्ट सांगून पाहा. मे महिन्यात पत्र्याखाली जी भट्टी होते ती झाडाखाली होत नाही, आणि पत्र्याला शेंगा येत नाहीत.

आता पाण्याकडे. पत्रांतला खरा प्रश्न हाच असतो, आणि तो खोटा नाही. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले, पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर, तरी आपल्या नळाला पाणी आठवड्याने येते आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. टँकरवर पैसे घालणाऱ्या घराला झाड लावा म्हणणे म्हणजे चेष्टा वाटेल. पण आपल्या घरात एक पाणी रोज पाच वेळा सांडते, आणि त्याचा हिशेब आपण ठेवत नाही. ते वजूचे पाणी.

नळ सोडून वजू केला तर पाच-सहा लिटर सहज जातात. तोच लोट्याने, नीट हात राखून केला तर दीड लिटरमध्ये होतो. हदीसमध्ये येते की प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वजू करीत. मुद्दच्या मापाबद्दल मसलकांत थोडा फरक आहे, तरी ते लिटरभराच्या आसपासचे माप आहे. तेव्हा आधी पाणी वाचवा आणि मग जे उरते ते झाडाला द्या, हा क्रम. झाडाला जास्त मिळावे म्हणून नळ जास्त सोडणे हा इस्राफच. घरात तीन माणसे दिवसातून तीन-तीन वेळा घरी वजू करतात आणि प्रत्येक वेळी दीड लिटर लागते असे धरा. दिवसाचे साडेतेरा लिटर झाले. पहिल्या उन्हाळ्यात बकुळीच्या रोपाला तीन दिवसांतून एकदा दहा लिटर पुरते. म्हणजे एकट्या वजूवर बकुळ आणि शेवगा दोन्ही निघतात, कढीपत्त्यालाही उरते.

काहींनी विचारले की वापरलेले पाणी झाडाला चालते का, आणि शरीअतच्या दृष्टीने त्यात काही आहे का. हनफी फिक्हमध्ये असे पाणी मुस्तामल धरतात. ते पाक असते, मात्र त्याने पुन्हा वजू होत नाही. झाडाला घालायला काहीच हरकत नाही. आणि झाडाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात साबण नाही, तेल नाही. स्वयंपाकघराच्या सांडपाण्यापेक्षा ते कितीतरी स्वच्छ. वजूची जागा अंगणात असेल तर उतार काढून दोन इंची नळी थेट आळ्यात सोडावी. घरात असेल तर खाली पसरट टब ठेवावा आणि पाणी झाकणाच्या पिंपात जमवावे. तीन दिवसांच्या वर साठवू नये आणि पिंपावर फडके बांधावे, नाहीतर झाडाआधी डेंग्यूचे डास वाढतील.

बाकीच्या पाण्यांविषयी थोडक्यात. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चांगले. मटण धुतलेले पाणी मांजरे आणि मुंग्या बोलावते, घालायचेच तर बुडापासून दूर, खड्डा करून, वर माती ओढून. कपड्यांच्या मशीनचे नको. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेले नको, ते क्षारांनी जड झालेले असते. आरओच्या नळीतून बाहेर पडणारे पाणी, विशेषतः बोअरवेलचे असेल तर, कोवळ्या रोपाला अजिबात नको. मातीवर पांढरा थर दिसू लागला की समजावे.

वापरलेले पाणी पुढच्या कामाला लावणे ही या शहराला नवी गोष्ट नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली. पाणचक्कीची नहर नंतरची, १७४४ च्या सुमाराची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आजही पाहता येते. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून येते, उंचावरून पडून चक्की फिरवते, हौदात साठते, आणि हौदाच्या तळाखालीच थंड दालन आहे. दर्ग्यात उतरलेल्या फकिरांचे पीठ त्याच पाण्यावर दळले जाई. हौदाच्या काठावर जुना वड आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो आणि त्याच वडाखाली उभे राहून सांगतो की हे सारे विजेशिवाय चालायचे. मग घरी येऊन नळाखाली पाच लिटर मोरीत सोडतो. असो.

लावण्याची रीत. खड्डा मेअखेर काढून उन्हात तापू द्यावा, अडीच फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. भिंतीपासून आठ-दहा फूट, शौचालयाच्या टाकीपासून त्याहून लांब. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम अशी बहुतेक जागा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकटते आणि खालचा मुरूम कठीण असला तर खड्ड्याची विहीर होते. म्हणून रोप आणण्याआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहा. सकाळपर्यंत उतरले तर ठीक. साचून राहिले तर पहारीने तळ फोडा, तरीही उतरले नाही तर जागा बदला. साचलेल्या पाण्याने मेलेली बकुळ आणि तहानेने मेलेली बकुळ सारखीच दिसते, पाने कडेने वाळतात. आणि लोक आणखी पाणी घालतात.

रोप तीन-चार फुटांचे, एकच सरळ शेंडा असलेले घ्यावे. वनमहोत्सवाच्या दिवसांत वनविभागाच्या रोपवाटिकांत सवलतीच्या दराने रोपे मिळतात, तिथे आधी चौकशी करावी. पिशवी फाडल्यावर मुळे गोल गोल फिरलेली दिसली तर ती हलक्या हाताने सोडवावीत, फारच गुंडाळलेली असतील तर बाजूने दोन-तीन ठिकाणी उभा चिरा द्यावा. खड्ड्याची माती, दोन घमेली कुजलेले शेणखत, दोन ओंजळी निंबोळी पेंड एवढे पुरे. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप बुजवावे, खोड मातीत गाडू नये, आणि जागा किंचित उंचवटा करून ठेवावी. दोन चांगले पाऊस झाल्यावर लावणी करावी. आपल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर, तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तेवढ्या चार महिन्यांत मुळांना जमीन धरायची असते.

बकऱ्यांचे काय, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरी अगदी खरा. ईद-उल-अजहाच्या आधीचे पंधरा दिवस गल्लीतले कोणतेही रोप सुरक्षित नसते. बकरी बकुळ खाते का, हे बकरीला विचारत बसू नये. चार फूट उंच लोखंडी जाळी, रोपापासून दीड हात सोडून, पहिल्या दिवशीच लावावी.

पुढची तीन वर्षे झाड काहीच करत नाही असे वाटेल. ते खाली काम करत असते. या काळात पाणी वरवर रोज शिंपडण्यापेक्षा तीन दिवसांतून एकदा भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला दोनदा पंधरा लिटर, तिसऱ्यात आठवड्याला एकदा पंचवीस-तीस लिटर, आणि आळे दरवर्षी थोडे बाहेर सरकवायचे. चौथ्यापासून एप्रिल-मेमध्ये महिन्याला दोनदा पाणी मिळाले तरी बहुतेक झाडे तग धरतात. आठवडाभर घर बंद राहणार असेल, लग्नाला गावी जायचे असेल, तर जुना, पाझरणारा मातीचा माठ रोपापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरावा, भरावा आणि वर झाकण ठेवावे. नवे माठ घेऊ नका. घरातला जो आता पाणी गार करत नाही तोही थोडा घासून घेतला तर पाझरतो. आळ्यात वाळलेल्या पानांचा तीन बोटे थर, खोडापासून चार बोटे लांब ठेवून. ही पाने म्हणजेच पत्रांतल्या चौथ्या अटीतला ‘कचरा’. त्याचा दुसरा उपयोग आम्हाला माहीत नाही.

रोग फार नाहीत. शेंड्याची पाने जाळ्याने एकमेकांना चिकटलेली दिसली तर ती तोडून टाकावीत, आत अळी असते. खोडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली तर वर पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आहे असे समजावे. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर धुण्याचा साबण घालून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा.

छाटणीची घाई करू नये. खालच्या फांद्या पहिली तीन वर्षे तशाच राहू द्याव्यात, त्यांच्यामुळे खोड जाड होते. नंतर दरवर्षी पावसाळा संपल्यावर दोन-तीन काढत खोड सात फुटांपर्यंत मोकळे करावे. फांदी कापल्यावर दुधासारखा चीक येतो, त्याने घाबरू नये. झाड मोठे झाल्यावर मात्र हात आखडावा लागतो, आणि तो कायद्यानेही आखडलेला आहे. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. स्वतःच्या अंगणातले, स्वतः लावलेले झाड तोडायचे तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. वाटण्यांच्या वेळी हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेले बरे. झाड कोणाच्या हिश्शात येते यावरून भांडण्याआधी ते कोणालाच सहजासहजी तोडता येत नाही, एवढे कळले तरी पुष्कळ भांडणे थंड होतात. झाड लावताना जागा घराच्या पुढच्या नकाशाकडे पाहूनच ठरवावी, मुलाची खोली जिथे येणार तिथे लावून मग रडू नये.

फुले उन्हाळ्यात. बटणाएवढी, चांदणीच्या आकाराची, मळकट पांढरी. पानांत दडलेली असतात, वासावरूनच कळते. रात्रीतून गळतात आणि फज्रच्या वेळी अंगणात पसरलेली असतात. झाडझूड करण्याआधी गोळा करावीत, किंवा रात्री खाली जुनी चादर पसरावी. सावलीत वाळवून मलमलच्या पुरचुंडीत कपड्यांमध्ये ठेवली तर वास कित्येक महिने टिकतो. ताज्या फुलांना टोचून भोक पाडावे लागत नाही, मधून दोरा सरळ जातो. लहान मुलींना सुई न देता माळ करता येते.

फुलांनंतर बोराएवढी, लांबट, पिकल्यावर नारिंगी होणारी फळे येतात. चव गोड-तुरट, गर पिठूळ. मुले एक-दोन खाऊन सोडून देतात. बुलबुल आणि कोकीळ सोडत नाहीत, रात्री वटवाघळेही येतात. लावलेल्या झाडाचे पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. फळात चपटे, तपकिरी, पॉलिश केल्यासारखे एक बी असते. गर धुऊन बी ताजेच पेरावे, वाळवून डब्यात ठेवलेले फार काळ उगवणक्षम राहत नाही. माती आणि शेणखत भरलेल्या पिशवीत बोटभर खोल, पिशवी सावलीत, माती ओलसर. महिना-दोन महिने कोंब दिसला नाही म्हणून पिशवी उकरून पाहू नये. पहिल्या वर्षी रोप वीतभर झाले तरी बरे समजावे, जमिनीत लावण्याजोगे व्हायला तीन वर्षे लागतात. ज्यांच्याकडे अंगण नाही, फक्त गॅलरी आहे, त्यांनी अशी पाच-सहा रोपे वाढवावीत आणि मोहल्ल्यातल्या मशिदीच्या किंवा मदरशाच्या आवारात जागा आहे का ते विचारावे. तिथे वजूच्या पाण्याची कमतरता नसते. वजूखान्याचा उतार कुठे जातो, तेवढे आधी पाहून घ्यावे.